इसबगोलचेही नाव औषधांच्या यादीत हवे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

माळव्यात इसबगोल किराण्याच्या यादीत लिहिला जातो. इंदूरच्या सियागंज बाजारातून साखर, चहा, पोहे येतात, त्यांच्यासोबत त्याचेही पाकीट येते आणि ते स्वयंपाकघरातच राहते. त्यामुळे कर्करोगाचा रुग्ण डॉक्टरांपुढे बसून आपली औषधे सांगतो तेव्हा रक्तदाबाची गोळी सांगतो, मधुमेहाची सांगतो, केमोची फाईल पुढे करतो. रोज घेतला जाणारा चमचाभर इसबगोल मात्र त्याच्या मनातही येत नाही. घरच्यांनाही तो लपवण्यासारखा वाटत नसतो, सांगण्यासारखाही वाटत नसतो. आम्हा औषधनिर्मात्यांचे म्हणणे एवढेच आहे की इसबगोल, ग्वारगम, गव्हाचा कोंडा, जवसाची पूड, मेथ्यांचे चूर्ण, सब्जा, डब्यातून मिळणारी ‘फायबर पावडर’ यांपैकी जे काही नियमाने पोटात जाते ते औषधांच्या यादीत लिहिले गेले पाहिजे, प्रमाण आणि वेळेसह. कर्करोगाच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या बाबतीत तर अगदी हट्टाने.

तंतुमय आहारावर सध्या वृत्तपत्रांतून भरपूर लिहिले जाते, ते चांगलेच आहे. पण निरोगी माणसाला दिलेला सल्ला केमो चालू असलेल्या माणसाने तसाच्या तसा उचलला तर काही ठिकाणी तो अंगाशी येतो. कुठे आणि का, हे सविस्तर लिहिण्यासाठी हे पत्र.

आधी इसबगोल पोटात काय करतो ते पाहू. भुशीला पाणी लागले की तिचा चिकट, घट्ट गर होतो. युरोपीय औषधकोशाच्या कसोटीनुसार १ ग्रॅम भुशीने पाण्यात फुगून किमान ४० मिलिलिटर जागा व्यापली पाहिजे. हेच फुगणे मल मऊ करते आणि पुढे सरकवते. पण त्याच वेळी पोटात एखादी गोळी विरघळत असेल तर तिचे कण या गरात अडकतात. जठर रिकामे व्हायला वेळ लागतो, आतड्याच्या अस्तरापर्यंत औषध उशिरा पोचते, कधी त्यातले काही पोचतच नाही आणि मलावाटे निघून जाते. शिवाय असे तंतू पित्तातील आम्लांना धरून ठेवतात. ज्या औषधांना शोषले जाण्यासाठी स्निग्ध पदार्थ आणि पित्त यांची मदत लागते, त्यांच्यावर त्याचा वेगळा परिणाम होऊ शकतो. कार्बामाझेपिन आणि लिथियम या औषधांची रक्तातली पातळी इसबगोलमुळे कमी झाल्याच्या नोंदी आहेत. ग्वारगममुळे पेनिसिलिन आणि मेटफॉर्मिन यांचे शोषण घटल्याचे आढळले आहे. कर्करोगाच्या गोळ्यांवर अशा थेट चाचण्या फार थोड्या झाल्या आहेत. म्हणून धोका नाही असे कोणी समजू नये, कारण इथे एक अडचण जास्तीची आहे. वेदनाशामक गोळी कमी शोषली गेली तर तासाभरात कळते, दुखणे थांबत नाही. इमॅटिनिब किंवा एर्लोटिनिबसारखी कर्करोगाची गोळी कमी शोषली गेली तर रुग्णाला त्या दिवशी, त्या आठवड्यात काहीच जाणवत नाही. उलट मळमळ कमी झाली म्हणून बरेच वाटू शकते. कळते ते पुढच्या तपासणीत, आणि तेव्हाही दोष औषधाला दिला जातो.

शिरेतून दिल्या जाणाऱ्या औषधांना हा नियम लागू नाही. पॅक्लिटॅक्सेल, सिस्प्लॅटिन, डॉक्सोरुबिसिन सलाईनमधून थेट रक्तात जातात. सकाळी घेतलेला इसबगोल त्यांना अडवू शकत नाही. त्यांच्या बाबतीत प्रश्न आतड्याच्या अवस्थेचा असतो, त्याकडे पुढे येतो.

गोळ्यांमध्ये सर्वांत जपून वागायचे ते ‘रिकाम्या पोटी’ असे लिहिलेल्या औषधांशी. प्रोस्टेटच्या कर्करोगात दिले जाणारे ॲबिरॅटेरॉन घ्या. नेहमीचा डोस १००० मिलिग्रॅम. जेवणानंतर किमान २ तासांनी घ्यायचे आणि घेतल्यावर तासभर काही खायचे नाही. चरबीयुक्त जेवणाबरोबर घेतले तर शरीरात पोचणारे त्याचे प्रमाण १० पटींपर्यंत वाढते, इतके ते अन्नाला संवेदनशील आहे. रक्ताच्या कर्करोगातील निलोटिनिब दिवसातून दोनदा असते. त्याच्या आधी २ तास आणि नंतर १ तास पोटात काही नको, कारण अन्नाने पातळी वाढली तर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. एर्लोटिनिब आणि पाझोपॅनिब जेवणाच्या १ तास आधी किंवा २ तासांनंतर, लॅपॅटिनिब जेवणाच्या किमान १ तास आधी किंवा १ तास नंतर. अशा गोळीच्या आधी तासभर ‘नुसती भुशीच तर घेतली’ असे सांगणारे रुग्ण भेटतात. भुशी हे अन्नच धरायचे. ती दुधातून घेतली असेल तर दूधही अन्नच. याउलट कॅपेसिटाबीन जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत आणि इमॅटिनिब जेवणाबरोबर मोठा पेलाभर पाण्यासह घ्यायचे असते. तिथे जेवणानंतर लगेच ‘पचनासाठी’ म्हणून इसबगोल घेतला की दोन्ही पोटात एकाच वेळी पोचतात. गेफिटिनिब, ओसिमर्टिनिब, टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल यांना अन्नाचे बंधन नाही. तंतूंपासूनचे अंतर मात्र त्यांनाही ठेवावे.

ज्या परिणामाविषयी सर्वांत स्पष्ट माहिती आहे ते औषध केमो नव्हे, थायरॉइडची गोळी आहे. थायरॉइडच्या कर्करोगात ग्रंथी काढून टाकल्यावर रुग्णाला जन्मभर लेव्होथायरॉक्सिन घ्यावे लागते. इथे ते नुसती उणीव भरून काढत नाही. अनेक रुग्णांत ते थोड्या चढ्या मात्रेत देतात, म्हणजे टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) दबून राहते आणि उरलेल्या पेशींना वाढीचा इशारा मिळत नाही. आहारातील तंतू हे औषध धरून ठेवतात आणि शोषण कमी करतात, हे त्याच्या माहितीपत्रकातच छापलेले असते. रोज पहाटे गोळी घेऊन पाठोपाठ कोमट पाण्यात इसबगोल घेणाऱ्याचे टीएसएच वर जाते, डॉक्टर मात्रा वाढवतात, मग कधीतरी रुग्ण इसबगोल बंद करतो आणि छातीत धडधड, हात थरथरणे, झोप न लागणे सुरू होते. कारण मात्रा आता जास्त झालेली असते. ही साखळी टाळायला सोपी आहे. गोळी पहाटे रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर. नाश्ता ३० ते ६० मिनिटांनी. इसबगोल, लोह आणि कॅल्शियम किमान ४ तासांनी. आणि इसबगोल सुरू किंवा बंद केला तर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासून घ्यायचे.

इतर औषधांसाठी इसबगोलच्या वेष्टनांवरचा सर्वसाधारण नियम २ तासांचा आहे: औषधाच्या २ तास आधी किंवा २ तास नंतर. पण दिवसाला दहा-बारा गोळ्या घेणाऱ्या माणसाने हे अंतर बसवायचे कुठे? आमच्या मते बहुतेकांना दुपारी ४ ची वेळ सोयीची पडते. सकाळच्या गोळ्या ८-९ वाजता, दुपारच्या १ च्या सुमारास, रात्रीच्या ८ नंतर. निलोटिनिबसारखी गोळी संध्याकाळी ७ ला असली तरी मध्ये ३ तास मिळतात. चारच्या चहाच्या आधी इसबगोल घ्यावा, त्यावर पाणी प्यावे, चहा नंतर. ज्यांच्या गोळ्यांचे वेळापत्रक वेगळे आहे त्यांनी ते कागदावर मांडून औषधनिर्मात्याकडून मोकळी जागा शोधून घ्यावी. पाच मिनिटांचे काम आहे. चुकून दोन्ही एकत्र घेतले गेले तर गोळी दुसऱ्यांदा मात्र घेऊ नये. पुढचा डोस नेहमीच्या वेळी घ्यावा आणि झालेले डॉक्टरांना सांगावे.

रात्री झोपताना अर्धा पेला गरम दुधातून इसबगोल घेण्याची आपल्याकडची पद्धत दोन कारणांनी सोडून द्यावी. एक तर अर्धा पेला फारच कमी आहे. एका वेळच्या मात्रेला किमान २४० मिलिलिटर, म्हणजे मोठा पेलाभर द्रव लागतो आणि त्यावर आणखी पाणी प्यायलेले बरे. दुसरे, घेऊन लगेच आडवे झाल्यावर तो अन्ननलिकेत रेंगाळून तिथेच फुगू शकतो. वयस्क, अशक्त, किरणोपचाराने घसा सुजलेला रुग्ण असेल तर घुसमटण्याची खरी भीती असते. अमेरिकेत अशा उत्पादनांच्या वेष्टनावर पुरेशा पाण्याशिवाय घेतल्यास घसा किंवा अन्ननलिका बंद होऊ शकते असा इशारा छापणे बंधनकारक आहे. कोरडी भुशी तोंडात टाकून वर पाणी पिणे तर कधीच नको. पेल्यात ढवळायची, घट्ट व्हायच्या आत ताठ बसून प्यायची. सुरुवात एका सपाट चहाच्या चमच्याने, वाढ दर काही दिवसांनी, सोसेल तशी. परिणाम १२ ते ७२ तासांनी दिसतो. सकाळी काही झाले नाही म्हणून संध्याकाळी दुप्पट घेणे हे पोट फुगण्याचे आणि कळा येण्याचे नेहमीचे कारण आहे. हृदय, मूत्रपिंड किंवा पोटातल्या पाण्यामुळे ज्यांच्या पिण्याच्या पाण्यावर बंधन आहे त्यांना इसबगोल सोसत नाही, त्यांनी दुसरा उपाय विचारावा. रोज भुशी ओतून देणाऱ्या घरच्या माणसालाही एक सूचना: तिची धूळ नाकात जाऊ देऊ नका, काहींना तिची तीव्र ॲलर्जी होते.

आता बद्धकोष्ठाकडे येऊ, कारण इसबगोल घेतला जातो तो मुख्यतः त्यासाठी, आणि सर्वांत मोठी चूकही इथेच होते. कर्करोगातले बद्धकोष्ठ नेहमीच्या बद्धकोष्ठासारखे नसते. मॉर्फिन, ट्रॅमाडॉल, फेंटानिलचे पॅच ही औषधे आतड्याची पुढे ढकलणारी हालचालच मंदावतात आणि आतला ओलावा कमी करतात. व्हिंक्रिस्टिन आतड्याच्या मज्जातंतूंवर परिणाम करते. कधी मल वर मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात अडकलेला असतो आणि तपासल्यावर गुदाशय मात्र रिकामे आढळते. मायलोमामधील (अस्थिमज्जेच्या कर्करोगातील) थॅलिडोमाइड, उलटीवरचे ऑन्डॅनसेट्रॉन यांनीही पोट बांधले जाते. इसबगोलला काम करण्यासाठी दोन गोष्टी लागतात, भरपूर पाणी आणि हलते आतडे. आतडे हलतच नसेल तर वरून टाकलेली भुशी म्हणजे बंद पडलेल्या नळात आणखी गाळ ओतणे. मल अडकतो, पोट फुगते, उलट्या सुरू होतात, आणि जो त्रास साध्या गोळीने सुटला असता त्यासाठी रुग्णाला दाखल करावे लागते. म्हणून मॉर्फिनसोबत आतड्याला चालना देणारे औषध पहिल्या दिवसापासून लिहून देतात. सोनामुखीपासून बनवलेल्या सेनाच्या गोळ्या असतात, ५ मिलिग्रॅमचे बिसाकोडिल असते, मल मऊ करायला १५ ते ३० मिलिलिटर लॅक्टुलोज किंवा पाण्यात विरघळवलेले १७ ग्रॅम पॉलिएथिलीन ग्लायकॉल. यांतले कोणते आणि किती हे डॉक्टर ठरवतील. घरच्यांनी एवढे पाहावे की बिसाकोडिल दुधाबरोबर किंवा आम्लपित्ताच्या औषधाबरोबर दिले जाऊ नये. त्याचे आवरण पोटातच विरघळते आणि कळा येतात. ल्युकेमियाच्या मुलांना व्हिंक्रिस्टिन दिले जाते तेव्हा आज्या प्रेमाने इसबगोल देतात, त्यांनाही हे कोणीतरी समजावून सांगायला हवे.

नीमच परिसरात अफूची परवानाधारक शेती होते, तिथेच सरकारचा अफू व अल्कलॉइड कारखाना आहे, आणि त्याच नीमचच्या मंडईत इसबगोलही विकायला येतो. माळव्याच्या एकाच पट्ट्यातली ही दोन पिके रुग्णाच्या पोटात एकत्र चांगली नांदत नाहीत, एवढे तरी इथल्या लोकांनी लक्षात ठेवावे.

जिथे वाट अरुंद झाली आहे तिथे फुगणारे काहीही नको. मोठ्या आतड्यातील गाठ, बीजकोशाचा कर्करोग पोटाच्या आवरणावर पसरलेला असणे, जुन्या शस्त्रक्रियेचे चिकटे, अन्ननलिकेची गाठ किंवा तिथे वाट उघडी ठेवायला बसवलेला स्टेंट (जाळीची नळी), या सगळ्या अवस्थांत इसबगोल, चिया, सब्जा, कोंडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. पोट फुगणे, पिळवटून येणाऱ्या कळा, उलट्या, आणि वायूही न सरणे ही चिन्हे एकत्र दिसली तर कोणतेही रेचक घरी देऊ नका. थेट रुग्णालयात जा. कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) ठरली असेल तर साधारण ५ दिवस आधी तंतूंची पूड बंद करण्यास सांगतात, नाहीतर आतडे नीट साफ होत नाही.

तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे रुग्ण आपल्याकडे पुष्कळ आहेत. हा आजार तंबाखू आणि गुटख्याने दिला आहे. त्यांतले अनेक जण काही आठवडे नाकातून पोटात घातलेल्या रायल्स ट्यूबवर (अन्न देण्याच्या नळीवर) असतात. १६ फ्रेंच मापाची नळी बाहेरून जेमतेम ५ मिलिमीटरची. आतली पोकळी त्याहून लहान. पोट साफ होत नाही म्हणून घरचे लोक डाळीच्या पाण्यात किंवा दुधात इसबगोल घालून सिरिंजने सोडतात. नळीत उतरता उतरताच त्याचा गर होतो आणि नळी बंद पडते. मग लहान सिरिंजने जोर लावतात, त्याने दाब आणखी वाढून नळी फाटू शकते. नळी बंद पडली तर ५० मिलिलिटरच्या सिरिंजने कोमट पाणी हळूहळू आत-बाहेर करून पाहावे, तार किंवा काडी घालू नये, दोन-तीन प्रयत्नांत सुटली नाही तर रुग्णालय गाठावे. किरणोपचाराने सोललेल्या घशातून नळी पुन्हा घालणे रुग्णासाठी किती यातनेचे असते हे लिहून सांगायला नको. नळीतून इसबगोल द्यायचाच नाही. अन्न किंवा औषध देण्यापूर्वी आणि दिल्यावर ३० मिलिलिटर पाण्याने नळी धुवायची, प्रत्येक औषध वेगळे द्यायचे. केमोच्या गोळ्या घरी कुटायच्या नाहीत. त्यांची पूड घरच्यांच्या श्वासात जाते. द्रवरूप पर्याय आहे का ते विचारा.

जुलाबांचे प्रकरण याच्या उलट, पण चूक तितकीच धोक्याची. दह्यात इसबगोल कालवून खाणे हा माळव्यातला जुना उपाय आहे आणि साध्या जुलाबांत तो काम करतो. ओटीपोटावरच्या किरणोपचारात विरघळणाऱ्या तंतूंनी मल बांधून राहिल्याचे छोट्या अभ्यासांत दिसलेही आहे. तिथे डॉक्टरांच्या संमतीने घ्यायला हरकत नाही. पण केमोच्या गोळ्यांमुळे आतड्याचे अस्तर सोलवटलेले असेल तर दह्याने आणि भुशीने मल घट्ट दिसू लागतो आणि आतली इजा चालूच राहते. कॅपेसिटाबीन घेणाऱ्याला नेहमीपेक्षा दिवसात ४ किंवा अधिक वेळा जास्त शौचाला जावे लागले, किंवा रात्री उठावे लागले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे असते. ‘दोन दिवस दही-इसबगोल घेऊन बघू’ म्हणत डोस चालू ठेवणारा रुग्ण तिसऱ्या दिवशी सुकलेला, रक्तदाब उतरलेला येतो.

इरिनोटेकॅन हे केमोचे औषध शिरेतून दिले जाते, तरी आतड्यापर्यंत पोचते. यकृत त्याचे क्रियाशील रूप बांधून पित्तावाटे आतड्यात टाकते, तिथले जिवाणू तो बंध पुन्हा सोडतात आणि मोकळे झालेले औषध अस्तर जाळते. यात एक दिवसानंतर सुरू होणाऱ्या जुलाबांवर लोपेरामाइडची (जुलाब थांबवणाऱ्या गोळीची) मात्रा नेहमीच्या पाकिटावरच्या मात्रेपेक्षा वेगळी असते: पहिल्या पातळ शौचालाच ४ मिलिग्रॅम, मग दर २ तासांनी २ मिलिग्रॅम, सलग १२ तास जुलाब थांबेपर्यंत; रात्री दर ४ तासांनी ४ मिलिग्रॅम. ही मात्रा आपल्या डॉक्टरांनी लेखी दिलेली असेल तरच घ्यायची. सोबत १००.४ फॅरनहाइट किंवा अधिक ताप असेल, रक्त पडत असेल तर लोपेरामाइडही नाही आणि इसबगोलही नाही, आधी रुग्णालय. या जुलाबांत इसबगोल हा लोपेरामाइडचा पर्याय नव्हे.

इम्युनोथेरपीतले, म्हणजे प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध जागवणाऱ्या उपचारातले, जुलाब आणखी फसवे. पेम्ब्रोलिझुमॅब किंवा निव्होलुमॅब घेतल्यावर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, उपचार संपल्यावरसुद्धा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मोठ्या आतड्यावर उलटू शकते. तिथे स्टेरॉइड लागते आणि ते लवकर लागते. इसबगोलने चार दिवस तो प्रकार झाकला गेला तर चार दिवस वाया जातात.

डब्यामागची बारीक अक्षरे वाचण्याचा आग्रह आम्ही यासाठी धरतो की ‘फायबर’ या नावाखाली पुष्कळ काही विकले जाते. मारोठिया बाजारात मिळणाऱ्या चूर्णांपैकी अनेकांत इसबगोलपेक्षा सोनामुखी आणि हिरडा जास्त असतो; ते रेचक आहे, रोज घेतल्याने पोटॅशियम उतरते. काहींत ज्येष्ठमध असते, तेही पोटॅशियम उतरवते आणि रक्तदाब वाढवते. ॲबिरॅटेरॉनचे नेमके हेच दुष्परिणाम आहेत, म्हणजे भर पडते. निलोटिनिबवर असणाऱ्याचे पोटॅशियम घटले तर हृदयाच्या लयीचा धोका वाढतो. काही पौष्टिक पावडरींत फॉलिक ॲसिड मिसळलेले असते. कॅपेसिटाबीन किंवा फ्लुरोयुरॅसिल चालू असताना ते त्यांचा विषारीपणा वाढवू शकते. ‘प्रोबायोटिकसह’ असे लिहिलेल्या पाकिटांत जिवंत जिवाणू असतात. पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णाच्या रक्तात ते शिरल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. फसफसणाऱ्या पाकिटांत खायचा सोडा असू शकतो, आणि डॅसॅटिनिब व एर्लोटिनिब यांना शोषले जाण्यासाठी पोटातले आम्ल लागते. स्वादाच्या पाकिटांत साखर असते. डॉसिटॅक्सेल या केमोच्या आधी आणि नंतर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड मिळून ज्यांची साखर आधीच चढते त्यांनी ती पाहूनच घ्यावी. आणि मधुमेहींनी हेही ध्यानात ठेवावे की इसबगोल जेवणानंतरची साखर थोडी उतरवतो. तो अचानक सुरू किंवा बंद केला तर घरच्या यंत्रावर काही दिवस साखर जास्त वेळा तपासावी.

हे सगळे वाचून कोणी घाबरून तंतूच टाळू लागला तर आमच्या लिहिण्याचा उलटा परिणाम होईल. २०२१ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात त्वचेच्या मेलानोमासाठी इम्युनोथेरपी घेणाऱ्या १२८ रुग्णांच्या आहाराची नोंद तपासली गेली. दिवसाला किमान २० ग्रॅम तंतू खाणाऱ्यांचा आजार जास्त काळ आटोक्यात राहिला. दर ५ ग्रॅम वाढीमागे आजार बळावण्याचा किंवा मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसला. हे निरीक्षण होते, त्यावरून कारण सिद्ध होत नाही. पण त्यातले दोन तपशील महत्त्वाचे आहेत. हे तंतू जेवणातले होते, डब्यातले नव्हे. आणि सर्वांत चांगला निकाल जे प्रोबायोटिकच्या गोळ्या घेत नव्हते त्यांच्यात होता. ज्वारीच्या किंवा गव्हाच्या १०० ग्रॅम पिठात १० ते ११ ग्रॅम तंतू असतात, तेवढ्याच तुरीच्या किंवा मुगाच्या कच्च्या डाळीत ९ च्या आसपास, तेवढ्याच पेरूत ८ हून अधिक. ज्याला गिळता येते, ज्याची वाट मोकळी आहे, ज्याच्या पांढऱ्या पेशी ठीक आहेत, त्याने दोन भाकऱ्या, वाटीभर घट्ट वरण, शिजवलेली भाजी आणि नीट धुतलेले एक फळ यांतून आपला वाटा भरावा. जेवणातले तंतू दिवसभर थोडे थोडे जातात, इसबगोलसारखे एकदम गोळीवर येऊन पडत नाहीत.

आता मागणे. कर्करोगाच्या बाह्यरुग्ण कार्डावर ‘इतर औषधे’ असा रकाना असतो; त्याखाली ‘इसबगोल, चूर्ण, फायबर पावडर: काय, किती, किती वाजता’ अशी एक ओळ छापावी. रुग्णाला आठवण करून दिली तरच तो सांगतो. दवा बाजारापासून गल्लीतल्या दुकानापर्यंत आमच्या व्यवसायबंधूंना विनंती, की खाण्याची केमो देताना इसबगोलबद्दल विचारा आणि गोळ्यांच्या पाकिटावर पेनाने त्याची वेळ लिहून द्या. निमाडातल्या, झाबुआ-धारच्या गावांतून येणाऱ्या रुग्णाला तोंडी सांगितलेले बसमध्येच विसरायला होते. लिहिलेले घरी पोचते. आपणही तंतूंवर लेख छापाल तेव्हा केमो, मॉर्फिन किंवा थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी दोन ओळींची चौकट जोडावी. आणि रुग्णांच्या घरच्यांनी पुढच्या तपासणीला जाताना इसबगोलच्या, चूर्णाच्या, पावडरीच्या डब्यांचे मागच्या बाजूचे फोटो मोबाइलमध्ये काढून न्यावेत. नाव आठवत नाही म्हणून राहून गेलेली माहिती त्या फोटोत असते.

आपले,
कर्करोग रुग्णालयांत व औषध दुकानांत काम करणारे काही मराठी औषधनिर्माते,
इंदूर